भातात ठेवलेले देव

आमच्या नव्या घराच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर एक प्रमाणपत्र टांगलंय. काचेची फ्रेम, सोनेरी कड आणि मधोमध ठसठशीत अक्षरांत 'वारसा जपणारे कुटुंब'. खाली आमची नावं. घरी येणारा प्रत्येक माणूस ते मोठ्यानं वाचतो आणि माझ्याकडे कौतुकानं बघतो. मी विचारते, चहा घेणार का? दुसरं काय बोलणार! आम्ही काय जपलं ते माझं मला माहीत. ते उतरवून ठेव म्हणून नवऱ्याला दहादा सांगितलं, तर तो म्हणतो, "असू दे गो, भिंतीला खिळा मारून झालाय आता."

सुरुवातीपासून सांगते. आमचं गाव रोहा आणि खांबच्या मध्ये, रस्त्यापासून आत. पावसाळ्यात भात, नंतर वाल, एवढीच शेती. नवरा सखा धाटावला कंपनीत शिफ्टला जातो. एक मुलगी, वैशाली. आणि सासरे गुणाजी, ज्यांना आम्ही आबा म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे, दात एकही नाही, पण बोलणं चावरं. तीन वर्षांपूर्वी शिमगा झाल्यावर आम्ही जुनं मातीचं घर पाडून स्लॅबचं बांधायला काढलं आणि शेजारी पत्र्याची शेड मारून तिच्यात राहायला गेलो.

घर पाडायच्या आदल्या दिवशी आबांनी देव्हाऱ्यातले देव भातात ठेवले. आमचे देव म्हणजे तीन टाक. रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे चांदीचे पत्रे आणि त्यांवर ठोकून काढलेली मूर्ती. एक भवानी, एक खंडोबा आणि एक घोड्यावर बसलेला वीर. हा वीर आमच्याच घराण्यातला कुणीतरी आहे, पण कोण ते आबांनाही माहीत नाही. तर रीत अशी, की घराला छप्पर नसेल, रोजची पूजा होणार नसेल, तर देव उघड्यावर ठेवायचे नाहीत, धान्यात ठेवायचे. धान्यात असले की ते उपाशी राहत नाहीत. बाकीचे लोक तांदळात ठेवतात. आबांचं म्हणणं, तांदूळ म्हणजे खाणं आणि भात म्हणजे बी, तेव्हा देव सालीच्या भातातच ठेवायचे. त्यांनी तांब्याच्या खोल तपेल्यात तळाला तीन टाक ठेवले, वर काठोकाठ भात ओतलं, फडकं बांधलं आणि मला हाक मारली.

"शकू, घर उभं राहीस्तोवर हे उघडायचं नाय. तुझ्या ताब्यात दिलंय. सांभाळ."

मी सांभाळलं. बरोबर दीड महिना.

वैशाखातल्या एका दुपारी दारात टेम्पो येऊन उभा राहिला. त्यातून एक चष्मेवाला पोरगा उतरला. निमिष त्याचं नाव, पेणचा. पुण्याला जाऊन जुन्यापुराण्या वस्तूंचंच शिक्षण घेऊन आलेला. रोह्यात नदीकाठच्या बंद राईस मिलमध्ये पेणची एक संस्था प्रादेशिक संग्रहालय काढत होती आणि हा त्याचा साहेब. "काकू, वापरात नसलेलं जुनं काही आहे का तुमच्याकडे?"

पत्र्याखाली आम्ही भाजून निघालो होतो. जिथं पाय टाकावा तिथं परात नाहीतर पाटा. सखाची नाईट शिफ्ट, त्याला दिवसा झोपायला जागा नाही. आबा बाहेर आंब्याखाली खाट टाकून गवंड्याला शिव्या देत बसलेले. माझं डोकं तडकलं. मी बोलले, "वापरात काय हाय ते विचार बाबा! ने सगळं." नांगर गेला, इरलं गेलं, कोपऱ्यातलं तांबं-पितळ गेलं. तपेलं उचलताना निमिषनं विचारलं, "यात काय आहे?"

मी घाम पुसत बोलले, "भात."

खोटं नव्हतंच ते.

गणपतीत आबांनी सहज विचारलं, "देवांच्या तपेल्यावर पाणी तर गळत नाय ना गो?" आणि मला तो टेम्पो आठवला. हातातला मोदक फुटला. तोंडातून निघून गेलं, "पत्र्याखाली उंदीर लय झाले आबा. म्हणून तपेलं पेणला रोहिणीकडं पाठवलंय." रोहिणी म्हणजे माझी धाकटी नणंद. आबा जरा कुरकुरले, लग्न झालेल्या लेकीकडे बापाचे देव ही कुठली पद्धत म्हणून. मग बोलले, "बरं, तात्पुरतं ठीक हाय." त्या वर्षीपासून दर दसऱ्याला ते देवांसाठी एक नारळ पेणच्या एसटीनं रोहिणीकडे पाठवायला लागले. निवडून, हलवून, पाणी वाजतंय का बघून. रोहिणीला मी फोन करून सगळं सांगितलं होतं. ती पहिल्यांदा पोट धरून हसली आणि नंतर रडली, पण गप्प राहिली. आपली ती आपली.

आबांनी विचारलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी आणि सखा संग्रहालयात धावलो होतो. आमचं तपेलं काचेच्या पेटीत, वरून पिवळा दिवा. खाली पाटी: 'वस्तू क्रमांक ११४. धान्यपात्र, तांबे. आतील बियाणे दुर्मीळ स्थानिक वाणाचे.' दुर्मीळ कसलं डोंबल! आबांनी रोह्याच्या खताच्या दुकानातून आणलेलं पिशवीबंद बी ते. मी निमिषला बोलले, एवढं तपेलं मला परत दे. तो इतका गोड हसला की मारावासा वाटला. "काकू, एकदा नोंद झाली की वस्तू समाजाची होते. परत द्यायची तर पेणला समितीचा ठराव लागतो. कारण काय लिहू?"

कारण माझ्या जिभेवर होतं. पण शेजारच्याच पेटीत कुणाच्या तरी गावच्या देवीचा मुखवटा उभा होता आणि त्याच्याखाली लिहिलं होतं, 'लोकदैवत. पितळ. उंची १४ सेंटिमीटर. कृपया स्पर्श करू नये.' मी तोंड उघडलं असतं तर निमिषनं आनंदानं उडीच मारली असती आणि संध्याकाळपर्यंत आमची भवानी दिव्याखाली सेंटिमीटरमध्ये उभी राहिली असती. ते पेपरातही आलं असतं. आबांनी वाचलं असतं, भावकीनं वाचलं असतं, आणि गुणाजीच्या सुनेनं देव टेम्पोत घातले हे माझ्या सात पिढ्यांना चिकटलं असतं. सखानं माझा दंड धरला आणि बोलला, "चल. आतच राहू दे. भातात हायत, काचेत हायत. कोण नेतंय?"

पण देव तिथं आणि आपण इथं, हे काही जिवाला बरं वाटेना. मग आम्ही जायला लागलो, वैशालीलाही घेऊन. संग्रहालयात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी 'कुटुंबासह संग्रहालय' नावाचा कार्यक्रम असायचा. पेणहून मिनीबस भरून माणसं यायची. बाया नऊवारी नेसून, नथ घालून, पोरांच्या डोक्यावर फेटे. रोह्यातून कोण येणार? आम्ही. एकदा कागदाचे पक्षी करायचे होते, एकदा शाडूचे गणपती, एकदा 'आजीचे खेळ', ज्यात पेणच्या एका प्राध्यापक बाईंनी मला सागरगोटे कसे धरायचे ते शिकवलं. मी शिकले. करणार काय! ताम्रपटांच्या भाषणाला तर ऐकणारे आम्ही तिघंच. सखा रात्रपाळी करून आलेला, पहिल्या पाच मिनिटांत घोरायला लागला. वक्ते बोलले, बघा, किती तल्लीन झालेत.

प्रत्येक वेळी कार्यक्रम संपला की मी एकशे चौदा नंबरच्या पेटीसमोर जायची. आजूबाजूला माणसं असतील तर चपलेचा पट्टा नीट करायच्या निमित्तानं वाकायची. नसतील तर सरळ हात जोडायची. मनात म्हणायची, आई भवानी, जरा कळ काढ. तिथं एक मावशी किटली घेऊन फिरायची, अर्धा कप चहा आणि दोन बिस्किटं. एकदा चहा गार होता म्हणून मी तिला तिथल्या तिथं झापलंसुद्धा. ती किटली घेऊन आत गेली आणि चहा गरम करून आणला.

तीन वर्षांत आमच्या एकतीस भेटी झाल्या. मी मोजल्या नाहीत हां, निमिषनं मोजल्या. आमच्याकडे वही असते, काकू, तो बोलला. त्यानं पेणच्या अहवालात आमच्यावर एक पान लिहिलं. ग्रामीण कुटुंबाला वारशाची ओढ कशी लागते, असं काहीतरी. आमचा तिघांचा फोटोही छापला. आबांनी तो फोटो बघून विचारलं, "तिकडं फुकट जेवण देतात काय गो?"

मग घर झालं. गवंडी मधे हायवेच्या कामाला पळाला होता, तो परत आला, स्लॅब पडला, रंग लागला. आणि वैशालीचं लग्न ठरलं, खांबचंच स्थळ. गुरुवारी हळद, शुक्रवारी लग्न. आबांनी भावकीला जाहीर करून टाकलं, "बुधवारी सकाळी देव भातातून काढायचे, नव्या देव्हाऱ्यात बसवायचे. देव बसल्याशिवाय माझ्या नातीला हळद लागणार नाय." एवढं बोलून ते माझ्याकडे बघून हसले, "रोहिणीला सांग, तपेलं घेऊन ये म्हणावं."

मी तीन रात्री डोळ्याला डोळा लावला नाही. सखा बोलला, आबांना सांगून टाकू. मी बोलले, सांग ना, तुझा बाप हाय. तो कंपनीत ओव्हरटाइमला निघून गेला.

आणि देवालाच दया आली म्हणायची. हळदीच्या आधीच्या रविवारी संग्रहालयाचा मोठा कार्यक्रम होता, 'स्पर्शोत्सव'. एका दिवसासाठी काचा उघडणार, माणसांनी वस्तूंना हात लावून बघायचं. आणि त्यात एक खेळ, 'ओळखा पाहू भांड्यात काय?' डोळ्यांना पट्टी बांधून धान्यपात्रात हात घालायचा आणि धान्य ओळखायचं. पत्रक वाचून मला आनंदानं रडू आलं आणि लगेच धास्ती भरली. कारण शंभर पोरं त्या तपेल्यात हात घालणार होती. आपला नंबर पहिला लागला पाहिजे. कुण्या पेणच्या कार्ट्यानं आमचा खंडोबा बाहेर काढला तर संपलंच.

दहाचा कार्यक्रम, मी आणि वैशाली आठलाच दारात. पण तिथं निमिषनं आमची अडचण आपणहूनच सोडवली. "काकू, खेळाचं उद्घाटन तुम्हीच करायचं. तुमच्याइतकं निष्ठावान कुटुंब आमच्याकडे नाही." मला वाटलं, पाया पडावं या पोराच्या.

पेणच्या चार-पाच मिनीबस आल्या, हॉल भरला. अध्यक्षांचं भाषण झालं. मग निमिषनं एकशे चौदाची काच सरकवली, तपेलं टेबलावर आणलं, माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि माईक घेऊन शेजारी उभा राहिला. मी पदर खोचला, देवाचं नाव घेतलं आणि हात घातला.

"काय जाणवतंय काकू?"

"भात," मी बोलले आणि हात खाली रेटला.

"वा! लगेच ओळखलं! आणखी काय जाणवतंय?"

आणखी काही जाणवत नव्हतं. मी मनगटापर्यंत गेले, कोपरापर्यंत गेले, बोटं तळाला लागली. तळ गुळगुळीत. कडेनं फिरवलं, मधे फिरवलं. भात टेबलावर सांडायला लागलं. लोक टाळ्या वाजवत होते. मी दुसराही हात घातला. निमिष माईकवर बोलत होता की बघा, मातीशी नातं असलेली स्त्री धान्यात कशी हरवून जाते. आणि तेवढ्यात माझ्या बोटांना कळलं, की हे भात बारीक आहे, लांबट आहे. आमचं जाड होतं.

"हे आमचं नाय!" मी ओरडले. पट्टी ओढून काढली. "आमचं भात कुठं गेलं?"

निमिषचा चेहरा लाल झाला. त्यानं माईकवर हात ठेवला आणि माझ्या कानाशी येऊन बोलला, "काकू, प्लीज. पहिल्याच पावसात त्याला टोके पडले. बदलावं लागलं. पाटी तशीच राहिली. अध्यक्षांना माहीत नाही."

"बदललं कोणी?"

"मी नाही, मी पुण्याला होतो. कृष्णाबाईंनी."

"कोण कृष्णाबाई?"

निमिषनं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी विचारावं आबा कोण. "काकू, एकतीस वेळा चहा प्यायलात त्यांच्या हातचा."

मी मागच्या दारानं गेले. राईस मिलचं जिथं पूर्वी इंजिन असायचं ती खोली. झाडू, फिनेल, पाण्याचे कॅन, गॅसची शेगडी. किटलीवाली मावशी कप विसळत होती. आणि तिच्या डोक्याच्या वर, फळीवर स्टीलची ताटली, ताटलीत लाल फडकं, आणि फडक्यावर आमची भवानी, आमचा खंडोबा आणि आमचा वीर. तिघांच्या कपाळी ओलं कुंकू. प्रत्येकापुढं एकेक जास्वंद. ताटलीच्या कडेला चिमूटभर साखर.

मी मटकन खालीच बसले. भिंतीला टेकून ढसाढसा रडले. कृष्णाबाईनं नळ बंद केला, हात पुसले आणि माझ्याकडे वळली.

"तुझे हायत?" तिनं विचारलं.

मी नुसती मान हलवली.

"मग तीन वर्सं कुठं होतीस?"

"इथंच तर येत होते मावशी! दर महिन्याला!"

"येत होतीस ते बघितलं मी. देव नसलेल्या त्या भांड्याला वाकून नमस्कार करायचीस. मला वाटलं, भाताला करते. शेतकरणीची जात, चांगली दिसते बाई." ती स्टूल ओढून बसली. "पहिल्याच पावसात आले हे माझ्या हातात. साहेबाला सांगितलं नाय. सांगितलं असतं तर त्यानं नंबर टाकला असता. म्हटलं, देव भातात ठेवणारा माणूस देव काढायला येईलच कधीतरी. विचारील, बाई, भांडं कुणी पुसलं? येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडाकडं बघायची मी. कोणी विचारलं नाय."

हे ऐकून तोंडात मारल्यासारखं झालं मला. एकतीस वेळा तिच्या हातून कप घेतला. एकदा नाव विचारलं नाही. तोंड उघडलं ते चहा गार झाला म्हणून.

तिनं टाक एकेक करून लाल फडक्यात गुंडाळले. सगळं सांगत होती, सासरी जाणाऱ्या पोरीबद्दल सांगावं तसं. "भवानीला मंगळवारी दूध लागतं. खंडोबाला मी रविवारी भाकर-कांदा दाखवते, मग कार्यक्रमाला उभी राहते. आणि हा घोड्यावाला, याचं नाव मला ठाऊक नाय. मी याला पावणा बोलते."

"आम्हालापण ठाऊक नाय," मी बोलले.

ती जराशी हसली. मग बोलली, "मी नागोठण्याची. माझे देव आंबा नदीच्या पुरात गेले, घरासकट. सात वर्सं झाली. हे आले तेव्हा मला वाटलं होतं…" आणि तिनं फडक्याची गाठ मारली. "जाऊ दे. घे. पोरीला हळद लागायची हाय ना? पत्रिका वाचली मी साहेबाच्या टेबलावर."

मी घेतले. खोटं कशाला बोलू, एकदाही नको बोलले नाही. फडकं ब्लाउजमध्ये सरकवलं, तिचे हात धरले आणि बोलले, "बुधवारी सकाळी या मावशी. देव बसवायचे हायत. तुम्ही पाहिजेतच." ती बोलली, "सुट्टी मिळते का बघते."

बाहेर माईकवरून आमचं नाव पुकारत होते. मला वाटलं, भाताचा बोभाटा केला म्हणून हाकलणार. तर नाही! अध्यक्ष बोलत होते, "केवळ स्पर्शानं ज्यांनी वाण ओळखला…" आणि मला 'वारसा जपणारे कुटुंब' हा पुरस्कार. शाल, श्रीफळ, प्रमाणपत्र. मी स्टेजवर चढले. उराशी लाल फडकं, त्यात देव. अध्यक्षांनी शालीसाठी बाजूला हात केला. बाजूला तबक घेऊन कोण उभी होती? कृष्णाबाई. नवी साडी, केसात माझ्या देवांपुढं होती तसलीच जास्वंद. आमची नजरानजर झाली. मला बोलायचं होतं, खरंच होतं. पण समोर दोनशे माणसं, फोटोवाला ओरडतोय इकडे बघा, आणि मी त्याच्याकडे बघितलं.

फ्रेममध्ये तो फोटोही आहे. कृष्णाबाईचा नुसता हात आलाय, तबकासकट.

बुधवारी सकाळी रोहिणी पेणहून आली. तिच्याकडचं तसंच एक तांब्याचं तपेलं मी मागच्या दारानं घेतलं, देव तळाला ठेवले, वर आमचं जाड भात ओतलं, फडकं बांधलं. भावकी जमली. कृष्णाबाई मिनिडोर रिक्षानं आली आणि दाराशी बायकांत जाऊन बसली. आबांनी अंघोळ करून नवं धोतर नेसलं होतं. त्यांनी गाठ सोडली, भातात हात घातला आणि पहिलाच भवानीचा टाक वर आला. लखलखीत.

"बघा!" आबा ओरडले. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. "तीन वर्सं भातात, आणि काळा डाग नाय! कपाळाचं कुंकू जसंच्या तसं! हीच तर आपल्या घराची रीत. जपायचं कसं ते लोकांनी आपल्याकडून शिकावं."

भावकीनं माना डोलावल्या. कुणीतरी टीव्हीवरच्या प्रमाणपत्राकडे बोट दाखवलं. मी कृष्णाबाईकडे बघितलं. ती देवांकडे बघत होती, दुसरीकडे कुठंच नाही.

तीन देव देव्हाऱ्यात बसले. मग आबांनी कोपऱ्यातली पिशवी उघडली. आत हिरवी साडी, रोह्याच्या बाजारातून स्वतः निवडून आणलेली. "देव ज्याच्या घरी राहिले त्याचा मान. रोहिणी, ये, पाटावर बस."

रोहिणी उठली. माझ्याकडे बघत बघत पाटावर बसली, अंग चोरून. आबांनी साडी उचलली. आणि माझं डोकं तडकलं. त्या वैशाखातल्यासारखंच.

"उठ गो रोहिणी," मी बोलले.

"वहिनी…"

"उठ, बोलले ना!" मी दाराशी गेले, कृष्णाबाईचा हात धरला. ती नको नको करत होती, पण मी तिला ओढत आणून पाटावर बसवलं. "आबा, ही कृष्णाबाई. देव हिच्याकडं होते. मी टेम्पोत घालून संग्रहालयात दिले होते, भात समजून. तीन वर्सं पूजा हिनं केलीय. आपल्यातलं कोणी नाय."

सखा छताकडे बघत होता, स्लॅब कधी पडतोय याची वाट बघत असावा. आबांनी माझ्याकडे बघितलं. मग कृष्णाबाईकडे. मग देव्हाऱ्याकडे. मला वाटलं, आता हळद राहिली, लग्न राहिलं, आबा मला घराबाहेर काढणार ते आजच.

आबा सावकाश रोहिणीकडे वळले. "मग दर दसऱ्याला मी पेणला नारळ पाठवायचो, ते कुठं गेले?"

रोहिणी पुटपुटली, "आमटीत, आबा."

कुणीतरी फिसकन हसलं. आबा हसले नाहीत. त्यांनी साडी कृष्णाबाईच्या हातात दिली, वर नारळ ठेवला आणि ऐंशीच्या पुढचा तो माणूस तिच्यापुढं गुडघ्यांवर वाकला. ती घाबरून उठायला लागली तर बोलले, "बस बाई. घरात देव जपणारं कोणीतरी बसू दे." त्यानंतर माझ्याशी ते लग्न होईपर्यंत बोलले नाहीत. अजूनही पाणी मागायचं तर भिंतीकडे बघून मागतात.

वैशाली नांदायला गेली. निमिषचा दोनदा फोन येऊन गेला, काकू, तुम्ही दुसऱ्या रविवारी हल्ली दिसत नाही, काही चुकलं का आमचं? मी बोलले, नाही रे बाबा, घरीच कार्यक्रम असतो.

दुसऱ्या रविवारी संग्रहालय आवरून झालं की कृष्णाबाई चारच्या मिनिडोरनं येते. पदरात जास्वंदी असतात. देव्हाऱ्यासमोर बसते, भवानीशी बोलते, पावण्याला विचारते बरा हायस का. मी आतून चहा करून आणते. हातात कप देते आणि उभी राहते. ती एक घोट घेते.

"गरम हाय ना?" मी विचारते.

"हाय गो," ती म्हणते. "बस तू पण."